झेरॉक्स आणि कॉपीराइट: वर्गात, ग्रंथालयात आणि दुकानात काय चालतं, काय नाही

सोलापुरात कॉलेजं सुरू झाली की एकच प्रश्न दोन ठिकाणी रोज विचारला जातो: ग्रंथालयाच्या काउंटरवर आणि फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात. "याची झेरॉक्स काढली तर चालेल का?" उत्तरं मिळतात ती दोन टोकांची. कुणी म्हणतं, शिक्षणासाठी सगळं माफ असतं. कुणी म्हणतं, नको बाबा, दहा टक्क्यांच्या वर एक पान गेलं तरी केस होते. ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे नुकसान होतं.

मी ग्रंथालयात काम करते. हा लेख चौघांसाठी आहे: बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटहून इथे शिकायला आलेल्या विद्यार्थ्यासाठी, नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकासाठी, देवघेव विभागात नव्याने लागलेल्या सहायकासाठी आणि झेरॉक्सचं मशीन नुकतंच टाकलेल्या दुकानदारासाठी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपला कायदा पानं मोजत नाही, तो कारण विचारतो. एका प्रकरणासाठी आलेल्या गरीब पोराला "कॉपीराइट आहे" म्हणून परत पाठवणं जितकं चूक, तितकंच चालू पुस्तक अख्खं छापून स्पायरल मारून विकणंही चूक.

कायदा म्हणजे प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला आणि २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्या कामाचं बहुतेक सगळं त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. कोणत्या गोष्टी केल्या तर हक्काचा भंग होत नाही, त्याची यादी तिथे दिली आहे.

आधी पुस्तक उलटून बघा

मशीनचं झाकण उचलायच्या आधी शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. लेखक कोण, हक्क कुणाच्या नावावर, पहिली आवृत्ती कधीची, अनुवादक आहे का, प्रस्तावना कुणाची, हे सगळं बारीक टायपात तिथेच असतं. लेखक हयात नसले तर हक्क बहुधा पत्नीच्या, मुलांच्या किंवा एखाद्या न्यासाच्या नावावर असतो. परवानगी मागायची वेळ आली तर पत्र कुणाला लिहायचं, ते या पानावरून कळतं.

"सर्व हक्क सुरक्षित, कोणत्याही प्रकारे पुनर्मुद्रण करू नये" ही ओळ तिथे असतेच. तिला घाबरून पुस्तक बंद करायचं कारण नाही, कारण कायद्याने दिलेली सूट प्रकाशकाच्या एका ओळीने रद्द होत नाही. पण उलटही खरं आहे. अशी ओळ नसली म्हणून पुस्तक मोकळं ठरत नाही. हक्कासाठी नोंदणी लागत नाही, लिहिल्याबरोबर तो लेखकाकडे येतो. सरांनी स्वतः लिहिलेल्या नोट्सवरही हक्क असतोच. "अमुक सरांच्या नोट्स" म्हणून दुकानात परस्पर सेट विकले जातात तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हक्क संपला आहे का, ते दोन मिनिटांत काढा

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून धरतात. म्हणून सोपा हिशेब असा: मृत्यूच्या सालात ६१ मिळवा. जे साल येईल, त्याच्या १ जानेवारीपासून मजकूर मोकळा.

साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. डॉ. आंबेडकरांचं निधन १९५६ चं, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०१७ पासून. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे २०३० उजाडेपर्यंत थांबायचं. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, तिथे २०६० येईल. दोन लेखक असतील तर जो नंतर गेला त्याचं साल धरा.

मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हिशेब वेगळा. तिथे ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, म्हणून १९५२ धरायचं. खरा लेखक कोण हे उघड नसलेलं, टोपणनावाने किंवा विनानाव छापलेलं लेखन आणि सरकारी प्रकाशनं यांनाही प्रकाशनापासून ६० वर्षं लागतात.

आता एक गोष्ट सोलापुरात फार वेळा चुकते. सिद्धरामेश्वरांची वचनं बाराव्या शतकातली. ती अर्थातच सर्वांची. पण आपण अभ्यासाला घेतो तो बहुधा कन्नड वचनांचा अलीकडे झालेला मराठी अनुवाद. त्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, आणि त्याचा हिशेब अनुवादकाच्या मृत्यूपासून सुरू होतो. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशी चार भाषांची पुस्तकं एकाच रॅकवर असलेल्या शहरात हे कायम लक्षात ठेवायला हवं. तसंच संतवाङ्मयाच्या नव्या आवृत्तीचं. अभंग मोकळे, पण संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मोकळ्या नाहीत.

काही मजकूर पहिल्यापासूनच मोकळा असतो. राजपत्रातला मजकूर, विधिमंडळात किंवा संसदेत मांडलेले समित्यांचे आणि आयोगांचे अहवाल, न्यायालयांचे निकाल यांची झेरॉक्स बिनधास्त काढा. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एवढंच पाहावं की निकालाचा मूळ मजकूर मोकळा असला, तरी निकालपत्रिकेच्या संपादकांनी वर लिहिलेला गोषवारा मोकळा नसतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हाच फरक केला आहे.

कोण काढतंय आणि कशासाठी

हक्क चालू असेल, तर पुढचा प्रश्न हा. कलम ५२ मध्ये आपल्या उपयोगाच्या मुख्य वाटा दोन आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

पहिली वाट स्वतःच्या अभ्यासाची. कलम ५२(१)(ए) प्रमाणे खासगी वापरासाठी, त्यात संशोधनही आलं, एखाद्या कृतीचा रास्त वापर करता येतो. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी नेता येत नाही, उद्या सेमिनार आहे आणि एक प्रकरण हवं आहे: काढा. पीएच.डी.साठी जुन्या नियतकालिकातला एक लेख हवा आहे: काढा. समीक्षेसाठी उतारे घ्यायचे आहेत: घ्या, लेखकाचं नाव द्या. इथे "रास्त" या अटीला महत्त्व आहे. बाजारात सहज मिळणारं क्रमिक पुस्तक अख्खं झेरॉक्स केलं, तर ती प्रत विकत घ्यायच्या पुस्तकाची जागा घेते. त्याला रास्त म्हणणं अवघड आहे.

दुसरी वाट शिकवण्याची. कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेत घातलेला मजकूर आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलेला मजकूर यांनी हक्काचा भंग होत नाही. परीक्षेत अख्खी कविता छापून तिच्यावर प्रश्न विचारता येतात ते याच आधारावर. ही वाट पहिलीपेक्षा रुंद आहे, आणि ती किती रुंद आहे हे दिल्लीच्या एका खटल्यामुळे कळलं. तो खटला प्रत्येक नव्या प्राध्यापकाने नीट समजून घ्यावा, म्हणून जरा थांबून सांगते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. दावा होता दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर. प्राध्यापकांनी अभ्यासक्रमाला लावलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून दुकानदार त्यांचे सेट तयार करत होता. मूळ पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयातली, दुकान विद्यापीठाच्या परवान्याने चालणारं.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्या. प्रदीप नंद्राजोग आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने जे सांगितलं ते आपल्या रोजच्या कामाचं आहे. शिकवणं म्हणजे फक्त तासाची पन्नास मिनिटं नव्हेत. कलम ५२(१)(आय) मध्ये कायद्याने पानांची किंवा टक्क्यांची मर्यादा घातलेली नाही. शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं घेतलंय का, ही कसोटी. आणि मशीन विद्यार्थ्याने चालवलं की दुकानदाराने, एवढ्यावरून निकाल फिरत नाही. मात्र सेटमध्ये घेतलेला मजकूर खरोखर अभ्यासक्रमाला लागत होता का आणि अख्ख्या पुस्तकांच्या प्रतींचं काय, हे पुरावा घेऊन ठरवायला खटला खाली पाठवला गेला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे त्या प्रश्नांवर निर्णय झाला नाही. प्रती काढण्याचे परवाने देणाऱ्या इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशनने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती, ती याचिका ९ मे २०१७ रोजी फेटाळली गेली.

सोलापूर मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत येतं आणि ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर जातात. दिल्लीचा निकाल इथे बंधनकारक नाही. पण कायदा तोच, शब्द तेच, आणि या विषयावर इतका सविस्तर विचार झालेला दुसरा निकाल हाताशी नाही. म्हणून मी नव्या प्राध्यापकांना सांगते की या निकालावर भिस्त ठेवा, पण त्याने जी कसोटी लावली आहे ती तुमच्या सेटला आधी स्वतः लावून बघा.

सेट करायचा असेल तर आधी यादी करा

प्रत्यक्षात काय करायचं? सेटच्या आधी एक पानभर यादी करा आणि विभागप्रमुखांची सही घ्या. यादीत एक नोंद अशी दिसावी:

"एम.ए. भाग १, समाजशास्त्र, पेपर २, घटक ३. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती. प्रकरण ४, पृष्ठे ८७ ते ११२. ग्रंथालय दाखल क्रमांक. वर्गातले विद्यार्थी ३२, प्रती ३२."

या नोंदीत सगळं आलं. कोणत्या घटकासाठी हवं ते आलं, म्हणजे कारण आलं. पानं आली, म्हणजे प्रमाण आलं. दाखल क्रमांक आला, म्हणजे पुस्तक ग्रंथालयाने पैसे देऊन घेतलं आहे हे दिसलं. विद्यार्थ्यांइतक्याच प्रती, म्हणजे कुणी साठा करत नाही. उद्या कुणी विचारलं तर हा एक कागद पुढे करता येतो. शिवाय यादी करताना प्राध्यापकाचा स्वतःचाही विचार होतो. पाच पुस्तकांतली पाच प्रकरणं लावली आहेत, की एकाच पुस्तकातली बारापैकी दहा? दहा लावली असतील तर ते पुस्तकच क्रमिक म्हणून लावलं पाहिजे, आणि मग बुक बँकेसाठी त्याच्या जास्त प्रती मागवायला ग्रंथालयाला सांगितलं पाहिजे.

दहा टक्क्यांच्या नियमाबद्दल इथेच स्पष्ट सांगते: असा नियम आपल्या अधिनियमात कुठेही नाही. चार पानांचा लेख शिकवायचा असेल तर अख्खा लेख द्यावाच लागतो, तिथे शंभर टक्के झाले. आणि पाचशे पानी पुस्तकातली पन्नास पानं अभ्यासक्रमाशी काही संबंध नसताना छापली, तर ती दहा टक्के असूनही कायद्याच्या आधाराबाहेर जातात.

प्रत्येक झेरॉक्सवर लेखक, पुस्तक, प्रकाशक ही ओळ असावी. सोपी युक्ती म्हणजे शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान सेटच्या सुरुवातीला जोडणं. लेखकाचं नाव राखणं हा त्याचा कलम ५७ खालचा वेगळा हक्क आहे, आणि विद्यार्थ्यालाही पुढे संदर्भ देता येतो. बिननावाच्या, फिकट, सातव्या पिढीच्या झेरॉक्सवर शिकलेल्या मुलाला आपण कुणाचं वाचतोय हेच कळत नाही. मला हे फार लागतं.

खासगी क्लासवाल्यांनी ही सवलत आपलीच आहे असं धरून चालू नये. दुसऱ्याच्या पुस्तकातली प्रकरणं "आमच्या नोट्स" म्हणून छापून फीमध्ये लावणं म्हणजे शिकवण्याच्या ओघातली प्रत नव्हे, तो पुस्तक काढून विकण्याचा धंदा झाला. तिथे लेखी परवानगी घ्या किंवा स्वतः लिहा.

दुकानदारांसाठी

तुमच्यावर राग धरणारे खूप असतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत दिवे लावून तुम्ही बसता म्हणून कितीतरी मुलं पास होतात. तुम्हाला धोका कुठे आहे तेवढं नीट समजून घ्या.

कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्काचा भंग करणाऱ्याला किंवा त्याला मदत करणाऱ्याला किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या छापायची साधनं जप्त करू शकतो.

म्हणून साठा करू नका. मागच्या रॅकवर चालू पुस्तकांच्या स्पायरल केलेल्या तयार प्रती आणि काचेवर त्यांच्या किमती: छाप्यात सगळ्यात आधी हेच उचललं जातं, आणि "मला माहीत नव्हतं" असं तिथे म्हणता येत नाही. गिऱ्हाईक पान दाखवेल तेवढं काढा. कॉलेजचा सेट असेल तर विभागाच्या सहीच्या यादीची एक प्रत फाईलला लावून ठेवा आणि दर नेहमीचाच पानामागचा घ्या. सेटवर पुस्तकासारखी वेगळी किंमत लावू नका. गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, स्पर्धा परीक्षेची मासिकं अख्खी काढून मागितली तर नाही म्हणा. एमपीएससीचं एखादं पुस्तक लिहिणारा लेखक पुण्याचा नाहीतर कोल्हापूरचा एखादा शिक्षकच असतो. त्याच्या शंभर प्रती कमी खपल्या तर पुढची सुधारित आवृत्ती निघत नाही, आणि मग पोरं जुनी आकडेवारी पाठ करत बसतात.

विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याने स्वतःसाठी काढायला हरकत नाही. त्यांचा संच छापून विकायचा असेल तर हक्क विद्यापीठाचा, आणि परवानगी तिथूनच घ्यायची.

ग्रंथालयातल्या नव्या सहायकासाठी

सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्याने स्वतंत्र सवलती दिल्या आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी सार्वजनिक वाचनालयं असलेल्या शहरात त्या वापरल्या गेल्या पाहिजेत, पण त्यांची माहितीच फार थोड्यांना असते.

पहिली, तीन प्रतींची. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला, पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर, ग्रंथालयाच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करता येतात. पुस्तिका, नकाशे, तक्तेही यात येतात. १९३० च्या मार्शल लॉवर किंवा मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांवर निघालेली एखादी जुनी पुस्तिका तुमच्याकडे असेल, पानांचे तुकडे पडत असतील आणि बाजारात ती मिळत नसेल, तर ही सवलत अशाच पुस्तिकेसाठी आहे. आधी प्रकाशकाकडे चौकशी करा, दोन-तीन विक्रेत्यांना विचारा, ऑनलाइन शोधा, आणि हे सगळं तारखेसह कागदावर ठेवा. "मिळत नाही" हे दाखवता आलं पाहिजे. मग ग्रंथपालांचा लेखी आदेश घेऊन प्रत काढा आणि दाखल नोंदवहीत ती "छायाप्रत" म्हणून चढवा.

दुसरी, जतनाची. छापील प्रत ग्रंथालयात असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवता येते. साठवणं वेगळं आणि संकेतस्थळावर सर्वांसाठी टाकणं वेगळं. हक्क चालू असेल तर दुसरं करू नका.

तिसरी, हस्तलिखितांची. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची प्रत अभ्यासासाठी काढता येते. लेखक कोण हे माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं होऊन गेलेली असावीत.

पहिल्या दोन सवलतींत कायद्याने "सार्वजनिक" हा शब्द घातला आहे. फक्त आपल्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या कॉलेज ग्रंथालयाने त्यांच्यावर विसंबू नये. त्याला शिकवण्याची आणि खासगी अभ्यासाची वाट पुरेशी आहे.

मशीन ग्रंथालयातच असेल तर एक छोटी मागणीपावती ठेवा. नाव, पुस्तकाचा क्रमांक, पानं, कारण आणि सही. भिंतीवर पाटी लावा: "अभ्यासापुरतीच प्रत काढावी. अख्ख्या पुस्तकाची प्रत काढून मिळणार नाही." आणि पुस्तकाच्या बांधणीची काळजी घ्या. जुनं जाड पुस्तक काचेवर उपडं दाबलं की कणा मोडतो, शिवण सुटते. अशा पुस्तकाचं पान मोबाइलने वरून टिपलेलं बरं.

मोबाइल आणि व्हॉट्सअॅप

आता झेरॉक्सपेक्षा मोबाइलचा स्कॅन जास्त होतो. नियम बदलत नाही, फक्त प्रत पसरण्याचा वेग बदलतो. वर्गाच्या बंद ग्रुपवर प्राध्यापकाने यादीतलं प्रकरण टाकणं आणि तीच फाइल हजारो सदस्यांच्या टेलिग्राम चॅनलवर जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून शक्यतो कॉलेजच्या पासवर्ड असलेल्या जागीच फाइल ठेवा, सत्र संपलं की काढून टाका, आणि पहिल्या पानावर "फक्त अमुक वर्गासाठी" असं लिहा. ई-पुस्तकाचं कुलूप तोडून पीडीएफ करू नका. बेकायदा प्रतीसाठी तसं करणं हा कलम ६५ए खाली आणखी वेगळा गुन्हा आहे.

स्नेहसंमेलनाचं एक जाता जाता. कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढ्यांपुरतं कॉलेजात नाटक केलं तर प्रयोगाला सूट आहे. तिकीट लावलं किंवा बाहेरच्या स्पर्धेत उतरलात, तर नाटककाराची लेखी परवानगी आणि मानधन आलंच.

दृष्टिहीन विद्यार्थी आला तर

इथे मनात किंतू ठेवू नका. कलम ५२(१)(झेडबी) प्रमाणे अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यासाठी अख्खं पुस्तक स्कॅन करता येतं, मोठ्या अक्षरात छापता येतं, ब्रेल किंवा ऑडिओत आणता येतं. परवानगी लागत नाही. अट एवढीच की नफा घ्यायचा नाही, फार तर खर्च घ्यायचा, आणि ती प्रत फक्त अशाच व्यक्तीकडे राहील याची काळजी घ्यायची. या विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश होता. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही याच वाचकांसाठी आहे, तिथे आधी शोधा. "अख्खं पुस्तक देता येत नाही" असं सांगून अशा विद्यार्थ्याला काउंटरवरून परत पाठवणारा कर्मचारी कायदा पाळत नसतो, उलट कायद्याने त्या मुलाला दिलेलं हिरावून घेत असतो.

झेरॉक्सची गरजच नाही, अशा जागा

कित्येकदा जे झेरॉक्स करायला मुलं रांगेत उभी असतात ते फुकट आणि कायदेशीर मिळतं. शालेय पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या आणि एनसीईआरटीच्या संकेतस्थळांवर आहेत. प्रबंधांसाठी शोधगंगा, पदव्युत्तर अभ्यासासाठी ई-पीजी पाठशाला, एकत्र शोधासाठी आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. मराठीत विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, आणि हक्क संपलेलं साहित्य विकिस्रोतावर आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना मंजूर केली. सरकारी उच्च शिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिकं तिच्यातून वाचता येतात. केगावला अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन तुमच्या नावाने प्रवेश कसा मिळेल ते विचारा.

परवानगी मागायची असेल तर

मराठीत बहुतेक वेळा हक्कधारकापर्यंत एका पत्रात पोचता येतं, फक्त पत्रात मोघमपणा नको. असं लिहा:

"आपल्या अमुक पुस्तकातील पृष्ठे ४० ते ९५ यांच्या ६० छायाप्रती आम्ही बी.ए. भाग २ च्या विद्यार्थ्यांना २०२६-२७ या शैक्षणिक वर्षात अभ्यासासाठी देऊ इच्छितो. प्रती विकल्या जाणार नाहीत. प्रत्येक प्रतीवर लेखक व प्रकाशक यांचा उल्लेख राहील. आपली अनुमती आणि काही शुल्क असल्यास ते कृपया कळवावे."

पत्र लेखकाला आणि प्रकाशकाला, दोघांनाही पाठवा, कारण हक्क कराराने प्रकाशकाकडे गेलेला असू शकतो. ईमेलबरोबर पोस्टानेही पाठवा. उत्तर आलं नाही तर गप्प बसणं म्हणजे होकार धरू नका. पंधरा दिवसांनी फोन करा. पुस्तक छापून संपलेलं असेल तर प्रकाशकाला त्याच फोनवर विचारा की साठ प्रतींची खात्रीची मागणी दिली तर पुनर्मुद्रण काढाल का. आता थोड्या प्रतीही छापून मिळतात, त्यामुळे विचारायला हरकत नाही. आलेलं उत्तर, होकार असो की नकार, सेटच्या यादीला टाचून त्याच फाईलमध्ये ठेवा.